निकाल साइटवर किती दिवस राहतो?

दहावीचा निकाल लागला त्या दुपारी दादर पश्चिमेच्या एका गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानात एक मुलगा उभा होता. निकाल एक वाजताचा. सव्वा वाजला तरी साइट उघडेना, म्हणून दुकानदार पुन्हा पुन्हा रिफ्रेश मारत होता. मशीनची ऊब, टोनरचा वास, वर खडखडणारा पंखा आणि काउंटरला चिकटलेली सहा-सात मुलं. या मुलाने सीट नंबर हॉलतिकीट न बघता घडाघडा सांगितला. दुकानदाराने विचारलं, "आईचं नाव?" तेव्हा मात्र त्याचा आवाज खाली आला आणि एकेक अक्षर सुटं करून त्याने स्पेलिंग सांगितलं. बोर्डाच्या साइटवर निकाल बघायचा तर सीट नंबराबरोबर आईचं नाव टाकावंच लागतं. पान उघडलं. दुकानदाराने सवयीने विचारलं, "प्रिंट मारू?" मुलगा नको म्हणाला. मग दोन पावलं मागे जाऊन परत आला आणि म्हणाला, "काका, हा रिझल्ट साइटवर किती दिवस राहतो?"

दुकानदार म्हणाला, "राहतो की रे, कुठे पळून जातोय," आणि त्याने पुढच्याचा नंबर घेतला.

प्रश्न भाबडा वाटतो, पण त्यामागे पक्का हिशेब आहे. घरचे कधी बघतील, कुणाच्या फोनवर बघतील, तोवर माझ्या हातात किती वेळ आहे? वडिलांना सीट नंबर बहुधा पाठ नसतो. आईच्या फोनमध्ये मात्र हॉलतिकिटाचा फोटो असतो, परीक्षेच्या पहिल्या दिवशी काढलेला. म्हणजे आई कामावर असेल तर संध्याकाळपर्यंत, घरी असेल तर दहा मिनिटं. नापास झालेल्या प्रत्येक मुलाच्या डोक्यात पहिल्या तासाभरात हे गणित चालतं आणि गणितात उडालेला मुलगाही ते सहसा चुकत नाही. चुकतं ते पुढचं. आपल्याला वेळ मिळाला की आपला फायदा झाला असं त्याला वाटतं आणि तिथेच तो फसतो, कारण बोर्डाचं कॅलेंडर त्याच्यासाठी थांबलेलं नसतं. म्हणून नापास झाल्याचं घरी कधी, कुठे आणि कसं सांगावं, त्याबद्दल हे.

२०२५ चंच बघा. बारावीचा निकाल ५ मेला लागला, दहावीचा १३ मेला. गुणपडताळणीचे अर्ज दुसऱ्या दिवसापासून सुरू झाले आणि पंधरा दिवसांत बंद झाले. पडताळणीला विषयामागे ५० रुपये. यात पेपर पुन्हा तपासत नाहीत. सगळ्या उत्तरांना गुण दिलेत का आणि बेरीज बरोबर आहे का, एवढंच बघतात. उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीला ४०० रुपये आणि पुनर्मूल्यांकनाला ३००. छायाप्रत घेतल्याशिवाय पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येत नाही आणि ती हातात पडली की अर्जासाठी कामकाजाचे पाच दिवस मिळतात. पुरवणी परीक्षा त्या वर्षी २४ जूनलाच सुरू झाली. तिचे फॉर्म निकालानंतर लगेच सुरू होतात, नियमित विद्यार्थ्याला ते शाळा-कॉलेजातूनच भरावे लागतात आणि पहिली मुदत उलटली की विलंब शुल्क. आता "मावशीकडचं लग्न उरकू दे, मग सांगतो" म्हणून ज्याने पंधरा दिवस काढले, त्याने काय घालवलं ते मोजा. पडताळणी गेली, छायाप्रत गेली, साध्या फीचा फॉर्म गेला, आणि परीक्षेला जे सहा आठवडे होते त्यातले दोन गेले. सोळाव्या दिवशी सांगायलाही छाती तेवढीच लागते. फक्त "मग आता काय?" असं बापाने विचारलं की त्याच्यापुढे ठेवायला हातात काही राहिलेलं नसतं.

पूर्वी ऑक्टोबरला बसायचं म्हणजे वर्ष गेलंच, त्यामुळे चार दिवस उशिराने सांगितलं तर काही बिघडत नसे. २०१५ पासून दहावीची फेरपरीक्षा पावसाळ्यात आली, वर्ष वाचायला लागलं, आणि लपवणं महाग झालं. दुसरं म्हणजे तेव्हा सोबत भरपूर असायची. वर्गातली बरीच मुलं उडायची, कट्ट्यावर बसून एकमेकांना धीर द्यायची. २०२५ ला दहावीचा राज्याचा निकाल ९४.१० टक्के होता. पन्नासच्या वर्गात दोघं-तिघं मागे राहतात आणि बाकीच्यांचे स्टेटस दुपारी दीडपासून झळकायला लागतात. एवढ्या एकट्या मुलाने संध्याकाळी घरी जाऊन शांतपणे सगळं सांगावं ही अपेक्षा मोठी आहे, हे मान्य करूनच पुढचं लिहितोय.

पहिला प्रश्न जागेचा. मुंबईत दार लावून बोलण्याइतकी घरं फार थोड्यांची. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची; त्यात आई, बाप, आजी, धाकटी बहीण आणि चालू टीव्ही. तिथे वडिलांना सांगितलेली गोष्ट फक्त वडिलांना सांगता येत नाही. आजी "काय झालं गं?" म्हणते, शेजारीण पीठ मागायला आलेली असते, गॅलरीतून जाणारा थबकतो. आणि माणसं बघतायत म्हटल्यावर बाप जे बोलतो ते मुलाला कमी आणि बघणाऱ्यांना जास्त असतं. निम्मे फटके प्रेक्षकांमुळे बसतात. म्हणून घरात सांगू नये, वाटेवर सांगावं. स्टेशनपासून घरापर्यंतची वाट यासाठी उत्तम. बाप गाडीतून उतरलेला, शर्ट पाठीला चिकटलेला, हातात डबा आणि पिशवी. मुलगा पुलाखाली उभा. पिशवी आपल्या हातात घ्यायची आणि फेरीवाल्यांची गर्दी मागे पडली की बोलायचं. चालताना एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. आवाज चढवायला रस्ता सोयीचा नसतो. आणि घर येईपर्यंत दहा-पंधरा मिनिटांत पहिला तडाखा ओसरलेला असतो. शिवाजी पार्कचा कट्टा, माटुंग्याची फाइव्ह गार्डन, सोसायटीची गच्ची, काहीही चालेल. फक्त रात्री उशीर करू नका. साडेदहाला सांगितलेली गोष्ट कुणालाच झोपू देत नाही आणि सकाळी सहाच्या पाण्याला उठायचं असतं.

फोनवर सांगायचं नाही, निदान बाप गाडीत असताना तरी नाही. मुलांना फोन सोपा वाटतो. पण पलीकडे माणूस दाराशी लटकलेला असतो, एक हात हँडलला, दुसऱ्या हातात फोन, वाक्य अर्धवट ऐकू येतं, "काय? किती? मोठ्याने बोल" असं म्हणत तोच ओरडतो आणि अख्ख्या डब्याला कळतं. मग ती बातमी पुढची पंचवीस मिनिटं त्याच्या एकट्याच्या डोक्यात फिरत राहते, विचारायला कुणी नसतं, आणि घरी येणारा माणूस निघालेल्या माणसापेक्षा दुप्पट तापलेला असतो. आई नर्स असेल, बेस्टमध्ये कंडक्टर असेल, तिची ड्युटी चालू असेल, तर ती सुटेपर्यंत थांबावं. फोन करायचाच तर एवढाच: "आई, निकाल लागलाय, सुटलीस की मी घ्यायला येतो." यातून तिला जे कळायचं ते कळतं. उतरेपर्यंत तिची तयारी झालेली असते.

मे महिन्यातली आणखी एक भानगड म्हणजे गाव. निकालाच्या दिवशी निम्मी मुंबई कोकणात असते. वडील रजा संपली म्हणून परत आलेले, मुलगा आजीकडे राजापुरात नाहीतर कणकवलीत, घरात रेंज नाही, ती मिळते वरच्या रस्त्यावरच्या थांब्यापाशी. तिथे उभं राहून निकाल बघायचा आणि खाली उतरायचं ते थेट भावकीच्या ताब्यात. काका, चुलतभाऊ, शेजारचे, फणस फोडत बसलेली सगळी पंगत "किती पडले रे?" म्हणून वर बघते. शिवाय कोकण विभाग स्थापन झाल्यापासून राज्यात पहिला येतो, त्यामुळे वाडीतल्या कुणा ना कुणा पोराला नव्वदच्या वर असतातच. मुंबईला क्लासला पैसे भरून पोरगं उडालं, ही गोष्ट गावाला फार आवडते. इथे माझं मत थोडं कडक आहे. अशा वेळी पंगतीला एवढंच सांगावं: "आधी पप्पांना सांगतो." उद्धटपणा वाटला तर वाटू दे. तिथून परत थांब्यावर जायचं आणि वडिलांना फोन लावायचा, ते जेवणाच्या सुट्टीत असतील अशा बेताने. आपल्या पोराचा निकाल आपल्याआधी भावाला कळला, हे बापाला मार्कांपेक्षा जास्त लागतं आणि ते तो गणपतीपर्यंत विसरत नाही.

आता काय बोलायचं. पहिल्याच वाक्यात निकाल, विषय आणि आकडा आला पाहिजे. "पप्पा, गणितात गेलो, अठ्ठावीस पडले, बाकी सगळे विषय निघाले." संपलं. "पप्पा, तुम्ही चिडणार नसाल तर एक सांगू का" ही सुरुवात सगळ्यांत वाईट, कारण चिडणार नाही असं वचन मागितलं की ऐकणारा आधी घाबरतो. त्याच्या मनात अपघात, पोलीस, पोरगी असं सगळं येऊन जातं. "जरा कमी पडलेत," "एक-दोन विषयांचा प्रॉब्लेम आहे" हेही तितकंच वाईट. एक की दोन? एक किंवा दोन विषय राहिले तर एटीकेटीवर, म्हणजे ते विषय नंतर सोडवायच्या अटीवर, अकरावीला प्रवेश मिळतो, तीन राहिले तर नाही. म्हणजे तुमच्या त्या 'एक-दोन'वर बापाचं पुढचं सगळं अवलंबून आहे आणि तुम्ही ते मोघम ठेवताय.

सोबत कागद असावा. प्रिंटला दहा रुपये लागतात, ते वाचवू नयेत. मोबाइलचा स्क्रीन बापाच्या चष्म्यातून नीट दिसत नाही, तो झूम करायला जातो आणि चुकून पान बंद होतं. पुन्हा साइट, पुन्हा नंबर, पुन्हा आईचं नाव. कागद हातात आला की माणूस तो कसा वाचतो ते बघण्यासारखं असतं. नजर आधी खाली एकूण बेरजेवर जाते, तिथून शेऱ्यावर. शेऱ्यात 'नापास' असं आता लिहिलेलं नसतं, म्हणून तो क्षणभर गोंधळतो. मग अंगठा डाव्या कडेने एकेका विषयावरून खाली सरकतो, मराठी, हिंदी, इंग्रजी, आणि जिथे थांबायचा तिथे थांबतो. तेवढा वेळ गप्प राहायचं. "पेपर अवघड होता," "आमच्या सेंटरला सगळ्यांनाच कमी आहेत," हे याच वेळी तोंडातून निघतं आणि याच वेळी सर्वात खोटं वाटतं, मग ते खरं का असेना.

एक बारीक गोष्ट आहे जी मुलं सांगत नाहीत. दहावीच्या गणिताचे शंभर म्हणजे बीजगणित ४०, भूमिती ४० आणि शाळेच्या हातातले २०. शाळा सहसा कुणाला अडवत नाही. त्या वीसपैकी पंधरा-सोळा मिळून जातात. म्हणजे अठ्ठावीसच्या पोटात लेखी परीक्षेचे ऐंशीपैकी बारा-तेराच असतात. बापाला वाटतं सात गुण कमी पडले, थोडा जोर लावला की निघेल. खरं तर मुलाला दोन्ही पेपरांतलं जवळजवळ काही आलेलं नाही. हे त्याच दिवशी सांगावं असं मला वाटतं, जड जात असलं तरी. नाही सांगितलं तर घरचे सहा आठवड्यांचा उपाय म्हणून 'रोज एक तास बस' एवढंच ठरवतात, तेवढ्याने भागत नाही, आणि दुसऱ्यांदा सांगायची पाळी येते. दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा कितीतरी अवघड.

आधी आईला सांगावं की बापाला, यावर घराघरांत परंपरा ठरलेली असते आणि बहुतेक ठिकाणी ती आईपासून सुरू होते. हरकत नाही, पण आईला सांगितलेली गोष्ट त्याच संध्याकाळी पुढे गेली पाहिजे. "तूच सांग, आणि दोन दिवसांनी सांग" असं म्हणून मुलगा मोकळा होतो आणि आई अडकते. भाजी फोडणीला टाकताना, बापाचा डबा भरताना, ती ते तोंडात धरून वावरते. मग कळतं तेव्हा पहिला सवाल तिलाच होतो: "तुला माहीत होतं?" तिथून भांडण नवराबायकोचं होतं, त्यात दहा वर्षांपूर्वीचं सगळं निघतं आणि मुलगा बाजूला उभा राहून बघतो. दाराआड ऐकू येणारं ते भांडण आपल्यामुळे आहे हे त्याला कळत असतं. आईने सोबत बसावं, बोलावं मुलानेच, ही वाटणी बरी.

बोलणी खावी लागतात. त्यात "तुझ्यासाठी" ने सुरू होणारी वाक्यं असतात: तुझ्यासाठी ओव्हरटाइम केला, तुझ्यासाठी क्लासचे चाळीस हजार भरले, तुझ्यासाठी गावची पूजा पुढे ढकलली. ती वाक्यं खरी असतात. त्यांना उत्तर नसतं आणि देऊही नये. त्यातच कधीतरी "आम्हीपण सतरा नंबरचा फॉर्म भरून, बाहेरून बसून झालोय पास" हे निघतं. बापाला ते धीर म्हणून सांगायचं असतं, मुलाला ते त्या दिवशी टोमण्यासारखं लागतं. चिडण्याची दुसरी लाट दुसऱ्या दिवशी सकाळी येते, ऑफिसमध्ये "मुलाचं काय झालं?" असं कुणी विचारलं की. तेव्हा मुलांना वाटतं की कालचं सगळं वाया गेलं. ते वाया गेलेलं नसतं. फक्त त्या माणसाला आता ती बातमी स्वतःच्या तोंडाने दुसऱ्याला सांगावी लागलेली असते आणि त्याची त्याला सवय नसते.

दहावी-बारावीचं निदान फार दिवस लपवता तरी येत नाही. कॉलेजचं येतं, वर्षानुवर्षं येतं.

मुंबई विद्यापीठाच्या सेमिस्टरचा निकाल घरात कुणी मागत नाही, कारण तो कधी लागतो हेच कुणाला माहीत नसतं. "अजून लागला नाही" हे वाक्य मुंबईत कायम खपतं आणि ते खपण्याला विद्यापीठानेच हातभार लावलाय. २०१७ साली उत्तरपत्रिकांची संगणकावर ऑनस्क्रीन तपासणी आणली आणि उन्हाळ्यातल्या परीक्षांचे निकाल सप्टेंबरपर्यंत रखडले. कुलगुरूंना जावं लागलं. त्या वर्षी निकाल खरोखर लागला नव्हता. पण त्यानंतरच्या कितीतरी बॅचच्या मुलांनी तेच कारण घरी वापरलंय, आई-बापांना पेपरातल्या बातम्या आठवत असल्यामुळे. इंजिनिअरिंगचा नमुना बघा: लेखी आणि अंतर्गत, दोन्हीकडे वेगवेगळं पास व्हावं लागतं. एक केटी लागली, म्हणजे एक विषय राहिला, सांगितली नाही. पुढच्या सेमिस्टरला तिच्यासकट सहा-सात पेपर झाले, दोन लागल्या. पहिल्या वर्षाचं सगळं सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षाला घेत नाहीत. म्हणजे पहिल्या वर्षाची एक न सांगितलेली केटी तिसऱ्या वर्षाच्या दारात ड्रॉप, म्हणजे वाया जाणारं वर्ष, होऊन उभी राहते. तोवर घरात सगळे पोराला थर्ड इयरला समजतात. मग तो सकाळी डबा घेऊन निघतो आणि दिवस कुठल्यातरी वाचनालयात नाहीतर मित्राच्या खोलीवर काढतो.

हे उघडकीला कसं येतं? मार्कशीटवरून क्वचितच. रेल्वेच्या पासावरून येतं. विद्यार्थ्याच्या सवलतीच्या पासाला कॉलेजचं सर्टिफिकेट लागतं, त्यावर घराजवळचं आणि कॉलेजजवळचं स्टेशन असतं. ड्रॉप लागलेल्या मुलाचा प्रवेशच नसतो, म्हणून ते मिळत नाही, तो पूर्ण पैशांचा पास काढतो आणि कधीतरी वडील म्हणतात, "तुझा पास एवढा कसा झाला?" किंवा फी. दर वर्षी जूनमध्ये मागितली जाणारी फी या जूनमध्ये मागितली गेली नाही, हे आईच्या लक्षात येतं. अशा वेळी पकडलं जाणं आणि आपण होऊन सांगणं यांत एक सकाळ एवढंच अंतर असलं तरी पुढचं वर्ष घरात कसं जाईल ते त्यावर ठरतं. सांगताना मात्र सगळ्या केट्या एकदम सांगाव्यात. चार असताना दोन सांगून 'अंदाज घेणारे' असतात. कागदावर सेमिस्टर, विषय, थिअरी की अंतर्गत, पुढची परीक्षा कधी, हे उभं लिहून न्यावं. आई-बापांना यातलं निम्मं कळत नाही, पण लिहून आणलंय एवढं कळतं.

सीएच्या घरांत अडचण वेगळीच असते. तिथे नापास होणं जवळजवळ सगळ्यांच्या वाट्याला येतं, म्हणून धक्का कमी, पण नियम समजावताना पुरेवाट. प्रत्येक पेपरात ४० आणि ग्रुपच्या बेरजेत ५० टक्के. तीन पेपरांत ४५, ४८ आणि ५२ पडले तर प्रत्येकात पास आणि १४५ म्हणून ग्रुप गेला. "सगळ्यात पास आहेस ना, मग नापास कसा?" डोंबिवली-मुलुंडच्या कितीतरी स्वयंपाकघरांत हा प्रश्न विचारून झालाय. इथे रडण्याआधी वही काढून बेरीज करून दाखवावी. एखाद्या पेपरात ६० असतील तर त्यातून सूट मिळते, हेही त्याच पानावर लिहावं. तेवढीच एक चांगली बातमी.

सगळ्याच घरांत वाटेवर बोलून भागतं असं नाही. जिथे हात उचलला जातो, पिऊन येणं असतं, "तोंड दाखवू नकोस" हे खरंच म्हटलं जातं, तिथे एकट्याने सांगायला जाऊ नये. मामा, मावशी, क्लासचे सर, ज्यांच्यासमोर बाप आवाज खाली ठेवतो असा माणूस आधी गाठावा आणि त्यांच्यासोबतच घरी जावं. निकालाच्या दिवसांत बोर्ड समुपदेशकांचे नंबर जाहीर करतं. १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. अठरा वर्षांखालच्यांसाठी १०९८ आहे. आणि घरच्यांसाठी एक: निकाल कळल्यावर पोरगं गप्प झालं, जेवलं नाही, फोन बंद करून गच्चीवर गेलं, तर पेढे कुणाकडून आलेत याची चर्चा बाजूला ठेवून मागोमाग जावं. त्या रात्री कुणीतरी त्याच्याशेजारी झोपावं. बोलणी उद्यासाठी राहिली तरी शिळी होत नाहीत.

पेढ्यांचंही ठरवून टाकावं. संध्याकाळी सहानंतर बिल्डिंगमधले डबे यायला लागतात. दार कुणी उघडायचं, काय म्हणायचं, हे आई-बाप आणि मुलाने मिळून ठरवलेलं बरं, नाहीतर आई एक सांगते, आजी दुसरं. "एक विषय राहिलाय, पुरवणीला देतोय. अभिनंदन हं, बस ना." एवढं पुरतं. कोणता विषय, कितीने, क्लास कोणता होता, याला उत्तर द्यायची गरज नाही. घरात तिघंही हेच वाक्य बोलतात असं मुलाला ऐकू आलं की त्याचा निम्मा जीव भांड्यात पडतो. पेढा खायचा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, खाल्लेला बरा.

दुसऱ्या दिवशी शाळेत जायचं, शक्यतो बापाबरोबर. आधी पुरवणीचा फॉर्म, मग बाकीचं. पुनर्मूल्यांकनात सुटेन या आशेवर फॉर्म न भरणारे दरवर्षी असतात आणि पुनर्मूल्यांकनाचं उत्तर येईपर्यंत फॉर्मची मुदत संपलेली असते. छायाप्रत मागवली असेल तर ती आल्यावर दोघांनी बसून बघावी: पहिल्या पानावरची बेरीज आतल्या प्रश्नांशी जुळते का, जोडलेल्या जादा पानांवरची उत्तरं तपासलीत का, एखादा उपप्रश्न गुण न देता सुटलाय का. दोन-तीन गुणांनी गेलेलं असेल आणि असं काही सापडलं तर पुनर्मूल्यांकनाचे पैसे घालावेत. अठ्ठावीस असतील आणि पानं कोरी असतील तर ते पैसे सरावाच्या प्रश्नसंचांना लावावेत आणि आधी भूमितीची प्रमेयं हातात घ्यावीत. सहा आठवड्यांत त्यातल्या त्यात लवकर हाताशी येतं ते तेच.